देवीच्या पेटीतले गहू

लिंबायत, सुरत
१४ जुलै २०२४

ती. भागीरथीआत्या,

लखनचा दंडवत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की सगळी चाळ दारात येऊन उभी राहते. म्हणून पुन्हा पोस्टाचीच वाट. उज्ज्वला समोर बसलीय. काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणते. तुला ठाऊकच आहे, कामरेजला चौथीपर्यंत गुजराती शाळेत शिकली, मराठी अक्षर तिला लागत नाही. तू लिहितेस ते मी वाचतो, मी लिहितो तेही मीच वाचतो.

काम मिळालं, आत्या. पलसाण्याच्या मिलमध्ये साडीची डिझाइनं हातानं काढायचे दिवस संपले, कॉम्प्युटरनं माझं तीन महिन्यांपूर्वीच तेरावं घातलं. पण ललितभाई म्हणून साड्यांचे एक व्यापारी आहेत. त्यांनी परदेशात लिलावात एक जुनी रंगीत लाकडी पेटी घेतली. मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची. पुरुषभर लांब, पायाकडं निमुळती. झाकणावर बाईचा चेहरा, काजळ घातलेले हे एवढाले डोळे, छातीवर हात, गळ्यात पाच-सहा पदरी हार. त्या देशाची देवी आहे. रंग उडालाय, तो मी ताजा करायचा. त्यांच्या कामरेजच्या फार्महाउसची फरशी अजून व्हायचीय, तोवर पेटी आपल्याच खोलीत. झाकण भिंतीला उभं केलंय, खालचा खोका आडवा. आता आम्ही दोघं पाय दुमडून झोपतो.

यंदा श्रावणात कुळाची कानबाई देवी आपल्या घरी बसणार. अकरा घरांच्या भाऊबंदकीत अकरा वर्षांनी पाळी आली. उज्ज्वलानं आत्तापासूनच भांडी घासायला काढलीत.

तुझा लखन

---

पारोळा
२१ जुलै २०२४

चि. लखन आणि सौ. उज्ज्वला,

दोघांना आशीर्वाद. हाताला काम लागलं हे वाचून बरं वाटलं. आईविना पोर म्हणून तुला मी वाढवलं, पण रेघ मारायला काही शिकवलं नव्हतं. ती तुझी तूच आणलीस.

मिसर देशाची पेटी म्हटल्यावर आधी माझ्या मनात भलतंच आलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी. पण तू देवी म्हणतोस तर देवी. तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

आता उज्ज्वला, हे तुझ्यासाठी. लखन, नीट वाचून दाखव. अकरा घरांतल्या दरेक पुरुषाच्या सव्वा मुठीचे गहू तुझ्याकडं येतील. तुमच्या चाळीत घुशी मांजरांएवढ्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्यात. नैवेद्याच्या रोटांच्या गव्हाला उंदराचं तोंड लागलं तर भाऊबंदांतला सुकदेव वर्षभर बोलून दाखवील. तेव्हा गहू त्या देवीच्या पेटीत भर आणि वर फळी ठेव. देवीचं धान्य देवीच्या घरात. यापेक्षा सोवळी जागा त्या खोलीत दुसरी कुठली?

मला यायला जमायचं नाही, गुडघे बोलतात. रोट कुळातल्यांचाच, पण लग्न मोडून मी माहेरची माहेरीच राहिले, म्हणून रोटावर माझाही हक्क आहे हे मात्र विसरू नका.

तुमची आत्या

---

लिंबायत
३० जुलै २०२४

आत्या,

हे पत्र मी पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितोय. उज्ज्वलाला माहीत नाही.

देवी नाही ती. तुझ्या मनात जे भलतंच आलं होतं, तेच आहे. मढं ठेवायची पेटी आहे. हजारो वर्षांपूर्वीची कोणी बाई तिच्यात पडून होती. ललितभाईंनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं, "लखनभाई, अंदर मुर्दा था, अभी खाली है. एकदम नवुं करी नाखो." त्यांच्या आईनं ही घाण बंगल्यात नको म्हणून उंबऱ्यावरच आडवं झोपायची धमकी दिली. त्यांच्या घरात चालत नाही, माझ्या घरात चालतं! आणि मीही ती उचलून आणली. उज्ज्वलाला खरं सांगितलं असतं तर तिनं पेटीसकट मला जिन्यावरून ढकललं असतं. म्हणून देवी म्हटलं. तिच्यासमोर तुला लिहायचं म्हणून तुलाही तेच लिहिलं.

ती पेटी कशासाठी हवीय ठाऊक आहे? आत काचेचे कप्पे करायचे, दिवे लावायचे आणि दारूच्या बाटल्या ठेवायच्या. गुजरातेत दारूबंदी ना! कोणी तपासायला आलं तरी मढ्याच्या पेटीला हात लावणार नाही, असं म्हणून खिदळतात. मेलेल्या बाईच्या छातीवर सोड्याच्या बाटल्या. शी! थुंकावंसं वाटतं, पण मग वाटतं, आधी स्वतःवर थुंकायला पाहिजे.

आत्या, ज्यानं ती चित्रं काढली त्याच्या हातापुढं माझा हात म्हणजे माशी मारायचा. डोळ्याची रेघ एका दमात ओढलीय, कुठं थरथर नाही. कोल्ह्याच्या तोंडाची माणसं, माणसाच्या तोंडाचे पक्षी, एकेक केस वेगळा. आणि त्यावर मी ऑइलपेंट फासतोय. पहिल्या दिवशी गाल रंगवला आणि नळावर जाऊन ओकलो. आतून खोक्याला काळं डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं. गोडसर, कडू, जळका वास. तारेच्या ब्रशनं खरवडलं, कापडाच्या चिंध्या निघाल्या, नखांत काळं बसलं ते अजून जात नाही. त्याच हातानं भाकरी मोडतो मी.

पण खरं संकट पुढंच आहे. माझा हात कानबाईचे मुखवटे रंगवून रंगवून तसाच वळलाय. रंगवता रंगवता त्या बाईचा चेहरा आपल्या कानबाईसारखा झाला, माझ्याही नकळत. सुकदेवदादाच्या घरची बाई आली आणि दारातच हात जोडून उभी राहिली. "माय व, काय डोया शेतस तिना!" ते डोळे बघायला आता रोज बायका येतात. ओटी भरतात. झाकणाच्या पायाशी नारळ फुटतात, आणि ते खोबरं पोरांना वाटतात.

आणि गहू. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. त्या ओळीपाशी जीभ अडखळली, पण ती समोर बसली होती, पुढची ओळ बनवून सांगायला सुचेना, वाचून टाकली. दुसऱ्या दिवशी मी रंग आणायला गेलो तेवढ्यात तिनं अकरा घरांचे गहू त्या खोक्यात ओतले. संध्याकाळी आलो तर सुपात ओंजळभर घेऊन बघत बसली होती. एक पिवळा खडा वेचला तिनं आणि दाराबाहेर टाकला. आत्या, तो खडा नव्हता. मी जाऊन उचलला. दाढ होती. किडलेली, मध्ये भोक पडलेली.

सांगितलं तर रोट तुटला. ज्याच्या घरी रोट बाटला त्याच्या मुठीचे गहू पुन्हा कोणी घेत नाही, तुला माहीत आहे. सुरतेत आपलं दुसरं आहे कोण? मयताला खांदा द्यायला हीच अकरा घरं. नाही सांगितलं तर अकरा घरांच्या पोटात ते गहू. काय करू?

लखन

---

पारोळा
५ ऑगस्ट २०२४

लखन,

आशीर्वाद आज लिहीत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा हात धुतले. मेलेल्याची दाढ! आणि त्या पोरीच्या बोटांत! तुझ्या जिभेला काही हाड?

गहू पेटीत भर असं मीच लिहिलं. माझं अक्षर, माझा सल्ला. तू मला देवी सांगितलीस आणि मी मूर्खासारखी सोवळं शिकवत बसले. माझ्या हातून तू हे करवून घेतलंस, हे मी विसरणार नाही.

आता नीट ऐक. रोटाला अजून सहा दिवस आहेत. गहू दळायच्या आत उज्ज्वलाला सांग. आधी तिला, मग सुकदेवला. सुकदेव शिव्या देईल, दे म्हणावं. फार तर नवे गहू काढतील, पेटी बाहेर ओढतील, चार दिवस तुझ्या घरचं पाणी पिणार नाहीत. खाण्याआधी सांगितलेली गोष्ट चूक असते रे. खाऊ घालून झाल्यावर तिला विष म्हणतात.

रोट तुटेल म्हणून घाबरतोस. आपल्याच माणसांना मढ्याच्या पेटीतलं धान्य चारून जी भाऊबंदकी टिकवायची, ती चाटायचीय का तुला?

सांगितलंस की कळव.

आत्या

---

लिंबायत
१३ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. नागपंचमी होती. उज्ज्वलानं विचारलं, आत्याबाई काय म्हणतात? मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणालो, तुला आशीर्वाद कळवलेत, रोट चांगले खुसखुशीत कर म्हणतात. ती लाजली. मग मी पत्र चुलीत घातलं.

शनिवारी सांगणार होतो, देवाशप्पथ. तर सकाळीच सुकदेवदादा आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लखन, देवी सोताच उनी तुन्हा घर!" आत्या, या माणसानं मला वीस वर्षांत कधी चहा विचारला नाही. दुपारी गहू दळून आले. पीठ पांढरंशुभ्र. कोणाला काही दिसलं नाही, वास आला नाही. मला तेवढा येत होता.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर आपला कानबाईचा नारळ, आणि मागं त्या बाईचं झाकण. तिला नथ घातली, बांगड्या चढवल्या, फुलांच्या माळा सोडल्या. बायकांनी गाणी म्हटली. रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. यजमान म्हणून पहिला घास माझा. सगळे तोंडाकडं बघत होते. घातला तोंडात. चावला. दाताखाली काही कचकन् वाजलं असतं तर मी तिथंच मेलो असतो. गिळला, आणि तो तसाच परत आला. मोरीपर्यंत पोचलो नाही. सगळं दारातच. तर बायका म्हणतात कशा, देवी अंगात येतेय त्याच्या! कुंकू लावलं माझ्या कपाळाला. आपल्यातल्या दत्तूची म्हातारी आई माझ्या पाया पडली. ओकारीनं भरलेल्या माझ्या पायांना हात लावला तिनं आणि तोच हात डोळ्यांना लावला.

मग सगळे जेवले. चिंधानं पाच रोट खाल्ले. असा रोट दहा वर्षांत झाला नाही म्हणाले. पोरं बोटं चाटत होती. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. मला त्यांची किळस आली, आत्या. ज्यांना काही माहीत नाही त्यांची! इतका मी खाली गेलो.

सोमवारी नारळ वाजतगाजत तापीवर विसर्जनाला नेला. आज सकाळी ललितभाईंचा टेम्पो आला. पेटीवरचं हळदीकुंकू बघून ते टाळ्या पिटायला लागले. "आ तो सरस थई गयुं! अब पुलिसवाला भी हाथ जोडेगा." कुंकू पुसू नका म्हणाले, तसंच राहू द्या.

पेटी गेली. खोली मोकळी झाली. आता सांगून काय उपयोग? जे पोटात गेलं ते गेलं, कोणी आजारी नाही, सगळे खुश आहेत. तूही विसरून जा. एवढं ऐक माझं.

तुझा लखन

ता. क. सुकदेवदादाची सून छाया आज राखीसाठी पारोळ्याला माहेरी निघाली. उज्ज्वलानं तिच्याबरोबर तुझ्या हक्काचे दोन रोट बांधून दिलेत. मला कळलं तेव्हा छाया रिक्षात बसली होती. ते तू खाऊ नकोस.

---

पारोळा
१७ ऑगस्ट २०२४

लखन,

छाया मंगळवारी रात्रीच रोट देऊन गेली. तुझं पत्र आलं आज शनिवारी.

मधल्या दिवसांत काय झालं ते सांगते. रोट हातात पडला तेव्हा मी देवापुढं दिवा लावला. म्हटलं, माझ्या पोरानं ऐकलं. सांगितलं, नवे गहू काढले, भाऊबंदांनी पदरात घेतलं, म्हणून तर रोट झाला. दोन्ही रोट मी साजूक तुपाशी खाल्ले. तीन दिवस पुरवून पुरवून. शेवटचा तुकडा काल दुधात कुसकरला.

आज तुझं पत्र वाचलं आणि घशात बोटं घातली. सत्तरी उलटलेली बाई परसात ओणवी होऊन ओकत होती आणि शेजारची पोर पाठ चोळत होती. काय झालं आजी? काय सांगू तिला? माझ्याच घासानं वाढलेल्या पोरानं मला हे चारलं म्हणून?

त्या मेलेल्या बाईचा मला राग नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या माणसांनी तिला चांगल्या रंगांत निजवली होती, तिचं तोंड तू रंगवून बदललंस. तिची दाढ सुपात, तिची जागा बाटल्यांना. ललितभाई परका आहे, त्याला लाज नाही हे मी समजू शकते. तुझं काय?

"आता सांगून काय उपयोग" म्हणतोस. उपयोग उज्ज्वलाला आहे. ती बिचारी आशीर्वाद समजून लाजली आणि तू माझं पत्र चुलीत घातलंस. आजवर माझी किती पत्रं तू तिला अशी वाचून दाखवलीस, याचा विचार करतेय सकाळपासून.

आमच्या गल्लीतल्या कापडदुकानदाराची सून नवसारीची आहे. आज तिला समोर बसवून सगळं गुजरातीत लिहून घेतलं. पेटी, गहू, दाढ, चुलीत घातलेलं पत्र, काही वगळलं नाही. लिहिताना ती पोर दोनदा उठून गेली. ते पाकीट छाया घेऊन येईल. ती शनिवारी, चोवीस तारखेला, सुरतेला पोचते. हे पत्र त्याआधी तीन-चार दिवस तुझ्या हातात पडेल.

तेवढे दिवस तुझे. तुझ्या तोंडून तिला कळलं तर त्यात थोडीफार लाज उरेल.

भागीरथी

---

लिंबायत
२९ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाई,

उज्ज्वलाचा नमस्कार. हे मी सांगतेय आणि हा लिहितोय. छाया बाजूला बसून प्रत्येक ओळ वाचतेय. म्हणून यात एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही.

तुमचं पत्र याला बुधवारी मिळालं. यानं मला शुक्रवारी रात्री सांगितलं, दिवा मालवल्यावर, भिंतीकडं तोंड करून. छाया दुसऱ्या दिवशी येणार होती म्हणून. म्हणाला, मढ्याची पेटी होती, माझी भूल थई गई, माफ कर. मी रडले. मला वाटलं, उशिरा का होईना, माणूस खरं बोलला. याच्या डोक्यावरून हातही फिरवला मी.

शनिवारी छायानं पाकीट दिलं. ते मी स्वतः वाचलं. दाढेचं यानं मला सांगितलंच नव्हतं. चुलीतल्या पत्राचंही नाही. माफी मागतानाही यानं गाळूनच वाचलं.

ती दाढ मी या दोन बोटांत धरली होती, आत्याबाई. तेव्हापासून फिनेलनं धुतेय, चामडी निघाली. जेवताना ती बोटं तोंडाजवळ आणवत नाहीत. चमच्यानं जेवते.

रविवारी याला घेऊन अकरा घरी गेले. प्रत्येक दारात याला बोलायला लावलं. गाळलं तिथं मी भरलं. सुकदेवदादा ऐकत राहिले, मग उठून आत गेले आणि कडी लावली. दत्तूची म्हातारी, जी याच्या पाया पडली होती, ती डोळे पदरानं पुसत राहिली, पुसतच राहिली. एकटा चिंधा म्हणाला, रोट लागला मात्र चांगला होता. त्याच्या बायकोनं त्याला लाटणं फेकून मारलं. पुढच्या साली आमच्या घरच्या मुठीचे गहू कोणी घेणार नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या दाराकडं बघून लोक थुंकायला लागले. थुंकू देत. मीही थुंकले असते.

यानं ती दाढ एका पुडीत जपून ठेवली होती. मी ती कामरेजला ललितभाईंच्या फार्महाउसवर घेऊन गेले, माझ्या बापाच्या वळखीचा वॉचमन आहे तिथं. म्हटलं, जिची तिला परत करावी. पेटी उभी होती. आत निळे दिवे, बाटल्या ओळीनं. त्या बाईच्या तोंडावर अजून आमचं कुंकू होतं. ते मी पदरानं पुसलं. पण दाढ तिथं ठेववेना. त्या बाटल्यांमध्ये कशी ठेवू? परत येताना तापीच्या काठी खड्डा केला आणि पुरली. वर दगड ठेवला. बाईमाणसाची होती ती, एवढं तरी करायला हवं.

आत्याबाई, लोक म्हणतात, प्रेताचं खाल्लं म्हणून तुला किळस येत असेल. ती येते, पण ती उतरेल. मला याच्या आवाजाची किळस येते. चौदा वर्षं तुमची पत्रं मी याच्या तोंडून ऐकली. माझी आई गेली तेव्हा तुम्ही लिहिलेलं, मला पोर होईना तेव्हा लिहिलेलं, सगळं. त्यातलं तुमचं किती आणि याचं किती, मला कसं कळावं? सगळी पत्रं डब्यात आहेत. काल काढून बसले. नुसत्या रेघा दिसतात.

आता हे लिहिताना याचा हात थांबलाय. मी म्हटलं, लिही.

पाच तारखेला सकाळच्या गाडीनं अंमळनेरला उतरते, तिथून पारोळ्याची एसटी धरीन. एकटीच येते. पत्रांचा डबा बरोबर आणते. मला मराठी वाचायला शिकवा, जेवढे दिवस लागतील तेवढे. एकेक पत्र मी तुमच्यासमोर मोठ्यानं वाचीन. इथं परत यायचं की नाही, ते डब्यातलं शेवटचं पत्र वाचून झाल्यावर ठरवीन, आणि याला माझ्या हातानं लिहून कळवीन.

उज्ज्वला